वेखंड म्हणून आणलेली मुळी

"आई, माझे ओठ कुठेयत तेच कळत नाहीये," असं म्हणून अविनाश ओट्याला धरून खाली बसला.

अविनाश म्हणजे माझा मुलगा. वय चोपन्न, दिल्लीत केंद्र सरकारात अधिकारी. त्याच्या हातात वाटी होती. वाटीतलं चाटण मी स्वतः सहाणेवर उगाळून, मध घालून दिलं होतं आणि "एका दमात घे, तोंड वाकडं करू नकोस" असं बजावलंही होतं. त्याने चाटूनपुसून घेतलं. आयुष्यात त्याने माझं एवढं ऐकल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

तेवढ्यात जेवणाच्या टेबलावरून आमची पाहुणी उठली. तिने तोंडातला तुकडा तळहातावर थुंकला, तरातरा स्वयंपाकघरात आली आणि अविनाशच्या हातातली वाटी फटकन उडवली. मला आधी तिचाच राग आला. पाहुणीने दुसऱ्याच्या घरात वाट्या उडवाव्यात ही कुठली रीत? मग तिने जीभ बाहेर काढली, जिभेकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हात गालाखाली जोडून झोपल्याचं सोंग केलं. ते पाहून माझ्या ध्यानात आलं की चाटण कालवताना मीही बोट चाटलं होतं आणि माझ्याही जिभेच्या शेंड्याला मुंग्या येत होत्या. वेखंड तिखटच असतं, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

अविनाशला उलटी झाली. दुसरी झाली. मग तो म्हणाला की बोटंही कळत नाहीत.

ही वेळ कशी आली ते कळायला मी दिल्लीला का गेले तिथपासून सांगावं लागेल. रेल्वेचं काही सांगत नाही. रेल्वेत बसलेला प्रत्येक माणूस तेच सांगतो.

आर. के. पुरम

भोर तालुक्यातल्या आमच्या गावातून मी दिल्लीला गेले ती माझ्या नातीमुळे. तिचं नाव मुक्ता. ती भाषांचं काहीतरी शिकली आहे. जगात ज्या भाषा बोलणारी माणसं संपत आली आहेत, त्या भाषांत झाडापाल्याला काय म्हणतात ते गोळा करणाऱ्या लोकांबरोबर ती काम करते. त्यांचा दिल्लीत मेळावा होता आणि ठिकठिकाणच्या म्हाताऱ्या माणसांना बोलावलं होतं. मुक्ताने माझंही नाव घातलं. मी म्हटलं, माझी भाषा कुठे संपलीय? ती म्हणाली, "आजी, भाषा नाही, पण नावं संपतायत ना, यार." मी तिची यार नाही, हे मी तिला मुक्कामात रोज सांगत होते.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. अविनाशच्या सरकारी क्वार्टरच्या मागच्या आवारात नळाच्या पाण्यावर चाकवत माजला होता. मी खुडून आणला तर सून, नीला, म्हणाली की हा तर बथुआ, इथे बाजारात मिळतो, खालचा कशाला आणलात, तिथे कुत्री फिरतात. चाकवत हा शब्द घरात फक्त अविनाशला ठाऊक होता आणि त्यालाही तो ताटात भाजी दिसल्यावर आठवला. मुक्ता लहान असताना बोलायला उशीर करत होती, तेव्हा मी गावाहून येऊन तिच्या जिभेला वेखंड लावलं होतं. गुण आला. महिन्याभरात पोर घडाघडा बोलायला लागली, हिंदी.

दिल्लीची हवा फेब्रुवारीत गार आणि घाण असते. गावी सकाळी धुकं पडतं ते उन्हाबरोबर जातं. इथलं दिवसभर बसून राहतं आणि त्याला धुकं म्हणत नाहीत. अविनाशचा आवाज दिवाळीपासून बसला होता. फोनवर बोलायचा तर दाराला वाळू लागल्यासारखं वाटायचं. डॉक्टर झाले, वाफारे झाले, गोळ्या झाल्या. कचेरीत साहेब बोलत नाहीत म्हणून खालचे लोक खूश आहेत, असं नीला म्हणाली.

कस्तुरबा गांधी मार्ग

मेळावा कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सभागृहात होता. तिथे सगळ्या इमारती सरकारी. फाटकावर प्रत्येकाला विचारतात की तुम्ही कोण. माझ्या गळ्यात त्यांनी हिंदीत छापलेलं कार्ड अडकवलं, "पारंपरिक ज्ञान वाहक". आमच्याकडे वाहक म्हणजे एसटीत तिकीट फाडणारा. मी मुक्ताला म्हटलं, माझी घंटी कुठाय? तिला विनोद कळला नाही, कारण तिने एसटी पाहिलेली नाही.

मी व्यासपीठावर टाकळा, घोळ, आघाडा, निरगुडी यांची नावं आणि उपयोग सांगितले. लोकांनी लिहून घेतलं. एका बाईंनी विचारलं की निरगुडीशी तुमचं नातं काय. मी म्हटलं, गुडघ्याचं. त्यांनी तेही लिहून घेतलं. दुपारी जेवायला पनीर, छोले आणि गुलाबजाम होते. झाडापाल्याच्या मेळाव्यात पाला म्हणून काय तो कोथिंबिरीचा, शोभेला.

माझ्यानंतर बोलली ती एल्सी. कॅनडाच्या पार उत्तरेकडून आलेली, माझ्याच वयाची, ठेंगणी, रुंद, गुडघे माझ्यासारखेच गेलेले. तिची भाषा अथाबास्कन म्हणून एक घराणं आहे त्यातली, असं पत्रिकेत छापलं होतं. ती स्वतः आपल्या लोकांना देने म्हणत होती. ती बोलताना मधेच घशात बारीक टिचकी वाजते. तो आवाज आपल्या अक्षरांत लिहिता येत नाही, म्हणून तिची नावं इथे देत नाही. ती इंग्रजीतही बोलत होती आणि मुक्ता मला मराठीत सांगत होती, म्हणजे निम्मं.

एल्सीच्या मुलखात वर्षातला बराच काळ बर्फ. तरी त्यांना झाडंझुडपं कमी पडत नाहीत. तान्ह्या मुलाखाली दलदलीतलं वाळवलेलं शेवाळ घालतात, ते ओलं शोषून घेतं. मला हे पटलं. आम्ही जुन्या लुगड्यांची दुपटी धुऊन धुऊन हात सोलून घेतले, शेवाळ कुणाला सुचलं नाही. सूचिपर्णी झाडाचा डिंक जखमेला लावतात आणि वेळ जात नसला की चघळतातही. झाड उपटण्याआधी मुळाशी चिमूटभर तंबाखू ठेवतात, घेण्याआधी द्यावं म्हणून. आमच्याकडे तंबाखू एवढी शिल्लक राहत नाही. आम्ही फार तर दिवस मावळल्यावर झाडाला हात लावत नाही.

मग तिने गळ्यातली कातड्याची पिशवी उघडली आणि बोटाच्या पेराएवढी मुळी काढून सगळ्यांना हुंगायला दिली. माझ्यापाशी ती आली तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही.

"हे वेखंड आहे," मी म्हटलं.

मुक्ताने तिला सांगितलं. एल्सीने आपलं नाव सांगितलं. त्याचा अर्थ, मुक्ता म्हणाली, पाणउंदराचं खाणं असा काहीतरी. त्यांच्या तळ्यात एक मोठा उंदीर राहतो, त्याला ही मुळी आवडते. ती माणसं ती गालात धरतात, घसा बसला, खोकला झाला, दाढ दुखली की. मी सांगितलं की आम्ही बाळाच्या जिभेला लावतो, थंडीत न्हाऊ घातल्यावर अंगाला चोळतो, कपड्यांत ठेवतो, आणि दाराशी लावलं तर साप येत नाही. एल्सी म्हणाली की त्यांच्याकडे सापच नाहीत. मी म्हटलं, मग लागू पडतंय.

ती हसली, पण तिच्याजवळ तो एकच तुकडा उरला होता. बाकीची पुरचुंडी विमानतळावर काढून घेतली, झाडपाला देशात आणता येत नाही म्हणून. तिला रोज रात्री घशाला लागायची. तरी तिने त्या पेराचे दोन भाग केले आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला.

आता एवढं झाल्यावर मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, आमच्याकडे हे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, तुला पिशवी भरून देते, शुक्रवारी जेवायला ये.

मानेसर

आर. के. पुरमच्या कुठल्याच दुकानात वेखंड हा शब्द चालला नाही. एकाने मला श्रीखंड दिलं.

गुरुवारी मेळाव्याची सहल मानेसरच्या मागच्या डोंगरात होती. डोंगर म्हणजे आमच्याकडच्या मानाने उंचवटे. अविनाशने रजा काढली होती, तोही आला. रस्त्याच्या एका बाजूला मोटारींचे कारखाने आणि कंपनीच्या बसची वाट पाहणारी, एकसारखे शर्ट घातलेली माणसं. दुसऱ्या बाजूला वेड्या बाभळीचं रान. त्यात मला रुई भेटली, हिंगणबेट भेटलं, पळस भेटला. दिल्लीत आल्यापासून पहिल्यांदा ओळखीचं कुणी दिसलं. पण गार वारा होता, धूळ होती, आणि परत येईपर्यंत माझं नाक चोंदलं. ते पुढे चार-पाच दिवस उघडलं नाही.

उतरल्यावर बाजारात एक जडीबुटीचं दुकान दिसलं. बाहेर शेअर रिक्षावाले भोंगे वाजवत होते. दुकानदार म्हातारा होता आणि त्याला ऐकू कमी येत होतं. अविनाशने फोनमध्ये पाहून ठेवलं होतं की वेखंडाला हिंदीत बच म्हणतात. पंचवीस वर्षं दिल्लीत काढल्यामुळे त्याला आपल्या हिंदीचा अभिमान आहे. फक्त त्या दिवशी त्याच्याकडे आवाज नव्हता.

"बच चाहिए," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

म्हाताऱ्याने कानामागे हात धरला. अविनाशला वाटलं, नाव कळलं नाही, तेव्हा गुण सांगावा. माझ्याकडूनच ऐकलेलं सांगितलं.

"बच... नाग भागता है जिससे."

मधेच भोंगा वाजला. म्हाताऱ्याने त्यातून त्याला हवं ते ऐकलं. त्याने अविनाशकडे जरा निरखून पाहिलं आणि विचारलं, शोधा हुआ की कच्चा? अविनाश म्हणाला, बिल्कुल कच्चा. मला कानावर पडलं, पण शोधा हुआ म्हणजे निवडलेला असेल असं मला वाटलं. म्हाताऱ्याने विचारलं, वैद्यजी को पता है ना? अविनाशने माझ्याकडे हात केला, "ये हैं हमारी वैद्य." म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. गळ्यात ते कार्ड अजून होतंच. मी मान डोलावली.

त्याने मागच्या फडताळातून फोडलेले तुकडे कागदात बांधून दिले. मुळी मला काळपट वाटली. वेखंडाला कड्या कड्या असतात, त्या तुकड्यांवर दिसत नव्हत्या. मी हुंगून पाहिलं. नाकात काहीच गेलं नाही. दिल्लीत सगळंच काळपट, त्यात हेही, असं म्हणून पुडी पिशवीत टाकली. एल्सी सहलीच्या बसमध्ये होती. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून मी पुडी दाखवली नाही.

पुन्हा आर. के. पुरम, आणि तिथून पुढे

शुक्रवारी संध्याकाळी एल्सी जेवायला आली. मी बशीत ते तुकडे मांडून तिच्यापुढे ठेवले. तिने एक बारका तुकडा उचलला, पाहिला, माझ्याकडे पाहिलं. आता मला वाटतं तिला तेव्हाच शंका आली असणार, पण यजमानीणबाईंनी कौतुकाने दिलेलं कसं नाकारायचं? भिडेची सवय त्यांच्याकडेही आहे. तिने तो गालात ठेवला. तेवढ्यात मी स्वयंपाकघरात अविनाशच्या घशाची व्यवस्था लावत होते. पुढचं वर सांगितलं आहे.

एल्सी काय म्हणते ते मुक्ताने सांगितलं. "आजी, ती म्हणते, तिच्याकडे एक निळं फूल असतं, टोपडं घातल्यासारखं. त्याचं मूळ. आधी जीभ झोपते. जीभ झोपली तर बसायचं नाही, पळायचं."

नीलाने एकही प्रश्न न विचारता गाडीची किल्ली घेतली. तिच्याबद्दल मी आधी जे काही बोलले आहे त्यात ही भर घालावी. मी पुडीतले उरलेले तुकडे कमरेला खोचले, कारण डॉक्टर विचारणार हे पक्कं होतं. मुक्ता पुढे नीलाशेजारी, मागच्या सीटवर मधे अविनाश, एका बाजूला मी, एका बाजूला एल्सी. ती त्याची मनगटं धरून बसली होती. तो मधेच म्हणायचा की पाय गेले, मधेच म्हणायचा की छातीत कुणी चुकीचा ताल धरलाय.

मोठ्या रस्त्याला वरात आडवी आली. घोडा, बँड, दिव्यांच्या छत्र्या, आणि घोड्यापुढे नाचणारे काका लोक, ज्यांना पुढे सरकायचं नसतं. नीलाने भोंगा वाजवला तर ते भोंग्यावर नाचायला लागले. मी दार उघडून खाली उतरले. माझं हिंदी जेवढं आहे तेवढं मी बँडवाल्यांच्या पुढाऱ्याला सांगितलं.

"मेरा लडका मरता है. बाजा बंद करो."

त्याने बाजा बंद केला. नाचणारे काका थांबले आणि ज्याच्या डोक्यावर सगळ्यात मोठा फेटा होता त्याने घोड्याचा लगाम धरून घोडा नवऱ्या मुलासकट फुटपाथवर चढवला. गाडी निघाली. आमच्याकडे वरात अशी वाकली नसती, आधी कुणाचा मुलगा ते विचारलं असतं.

हॉस्पिटलमध्ये तपासायला एक तरुण डॉक्टरीण होती, बोलण्यावरून हरियाणाची. "अम्मा, खिलाया क्या है?" तिने विचारलं. मी कमरेची पुडी काढून दिली. तिने कुणा वडीलधाऱ्या डॉक्टरला बोलावलं. त्याने तुकडा दिव्याखाली धरला आणि म्हणाला, "ये तो बछनाग है. मीठा विष."

आता मला कळलं. बचनाग आम्हालाही ठाऊक असतो. गावचे वैद्य तो गोमूत्रात भिजवून, शिजवून, म्हणजे शोधून, मगच वापरत आणि तोवर कुलपात ठेवत. बच अधिक नाग. म्हाताऱ्याने दोन्ही शब्द जोडले आणि माझ्या मुलाने ते त्याला जोडायला दिले. गंमत पाहा, त्या खोलीत विषाला प्रत्येकाकडे नाव होतं. माझ्याकडे होतं, डॉक्टरकडे होतं, एल्सीकडे टिचकी वाजणारं होतं. औषधाचं तेवढं कुणाला सांगता आलं नव्हतं.

अविनाशला आत नेलं. माझ्या आणि एल्सीच्याही छातीला तारा लावून पाहिल्या आणि आम्हाला बाहेरच्या बाकावर लक्ष ठेवता येईल असं बसवलं. मध्येच आतलं यंत्र वाजायचं आणि माणसं धावायची. डॉक्टरीण बाहेर येऊन म्हणाली की या विषावर उतारा नाही. हृदय सांभाळत बसायचं आणि ते अंगातून जाईपर्यंत वाट पाहायची. नीला काचेपाशी उभी राहिली, ती हललीच नाही. माझ्याशी ती बोलली नाही. तिच्या जागी मीही बोलले नसते.

मी एल्सीला विचारलं, तुमच्याकडे कुणी असं मेलंय का? मुक्ताला भाषांतर करायचं नव्हतं, पण केलं. एल्सी म्हणाली, तिच्या आईचा भाऊ. लोकांनी सांगितलं होतं, त्याने ऐकलं नाही. मी म्हटलं, माझ्या मुलाने ऐकलं, तेच चुकलं. हे मुक्ताने तिला सांगितलं की नाही मला ठाऊक नाही.

ती मुळी घेताना आम्ही तिच्यापाशी काही ठेवलं नव्हतं, तंबाखू नाही की काही नाही. म्हणून असं झालं, असं एल्सी म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी तिथेच भांडले असते. तिने गळ्यातली पिशवी उघडली, स्वतःसाठी ठेवलेला अर्धा तुकडा काढला आणि तोंडात न घालता मुठीत धरून बसली. माझा अर्धा माझ्या पदराला बांधलेला होता. मी तो सोडला आणि नाकाशी नेला. नाक चोंदलेलंच होतं. तरी धरून ठेवला.

उजाडल्यावर यंत्राचं वाजणं कमी झालं. दुपारी आम्हाला एकेकाला आत सोडलं. अविनाशच्या अंगाला तारा होत्या आणि तोंड पांढरं होतं. मी जवळ गेले तर त्याने डोळे उघडले.

"आई," तो म्हणाला, "घसा अजून तसाच आहे."

आवाज तोच, दाराला वाळू लागल्यासारखा. मी त्याला म्हटलं, घशाचं आता डॉक्टरांनाच बघू दे.

नीला पुढे आठवडाभराने माझ्याशी बोलली, चाकवताच्या निमित्ताने. खालचा चालेल का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, आधी मुक्ताकडून फोनमध्ये बघून घे. मुक्ताने माझी नावं पुन्हा लिहून घेतली. या वेळी प्रत्येक नावापुढे तिने मला विचारलं की याच्यासारखं दिसणारं, याच्यासारखं ऐकू येणारं दुसरं काय आहे. हे मेळाव्यात कुणी विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं.

एल्सी तिच्या बर्फात परत गेली. गावी आल्यावर मी वेखंड पाठवायला निघाले, तर पोस्टातली मुलगी म्हणाली की झाडपाला परदेशात पाठवता येत नाही. ते दाराशी लावलं आहे. साप अजून आलेला नाही.

दिल्लीत काय पाहिलंत असं गावात विचारतात. कुतुबमिनार पाहिला नाही. ती मुळी तोंडात गेलेली माणसं तीन होती, अविनाश, एल्सी आणि मी. तिघंही जगलो.